घरात एक तोंड पुरे

"तिच्या हातचा घास मी घ्यायची नाय, वहिनी. माझा भाऊ गेला आन् हिच्या डोळ्याला टिपूस नाय."

माझी नणंद आक्काबाई ओट्यावर बसून हे बोलली, भावकीतल्या सगळ्या बायांना नीट ऐकू जाईल अशा बेताने. माझा नवरा जाऊन तेव्हा आठवडाही झाला नव्हता.

आक्काबाई कळवणची. तिच्या गळ्याची तिकडे ख्याती, मयत कुणाचंही असो, हिला बोलावणं जातंच. आमच्यात रीत अशी, की दुःखाला आलेली बाई दारात दिसली की घरच्या बाईने उठायचं, तिच्या गळ्यात पडायचं आणि गेलेल्या माणसाचे गुण सांगत हेल काढून रडायचं. ती पाणी प्यायली की थांबायचं. पुढची आली की पुन्हा. मी रडत होते. मला ते जमतं आणि माझं माणूसही तसं होतं. माझी सून लंका मात्र आलेल्या बाईच्या पायावर पाणी घालायची, हातात तांब्या द्यायची आणि आत निघून जायची.

"बाराव्याचा सैपाक हिनं केला तर मी पानावरून उठंल," आक्काबाई म्हणाली. "माझ्यामागं भावकी उठंल."

ही धमकी साधी नव्हती. जिच्या हातचं बाराव्याला भावकी जेवली नाही, तिला पुढे कुणी लग्नाच्या हळदीला हात लावू देत नाही. तिच्या पोरांच्या सोयरिकी अडतात. बाई घरात असते आणि नसते.

लंका मी निवडलेली. नांदगावला तिला बघायला गेलो तेव्हा आक्काबाई सोबत होतीच. पोरीने चहा आणला, विचारलं तेवढ्याला उत्तर दिलं आणि बसून राहिली. परतीच्या एसटीत आक्काबाई म्हणाली, "पोरगी घुमी हाय, वहिनी."

"बरंय की," मी म्हणाले. "घरात एक तोंड पुरे. आन् ते माझं हाय."

आमचे हेसुद्धा बोलायचे नाहीत. अंबडला आमचं रान होतं तिथे कारखाने उभे राहिले, आमच्या पोराला, सहादूला, त्यातल्याच एकात नोकरी लागली, पण हा माणूस हूं की चूं बोलला नाही. रोज दुपारी मागच्या दाराच्या पायरीवर बसायचा. लंका आली आणि सूप घेऊन पायरीच्या दुसऱ्या टोकाला बसू लागली. ती तांदूळ निवडायची, हे तंबाखू मळायचे. मी आतून विचारायचे, "काय ठरलं गं तुमच्या सभेत?" दोघं हसायची, तीही आवाज न करता.

शेवटच्या दुखण्यात त्यांना पाणी हवंय की कूस बदलायचीय, हे त्यांनी सांगायच्या आत तिला कळायचं. मी उशाशी बसून विचारायचे, कुठं दुखतंय, काय होतंय, डॉक्टरला बोलवू का. तर हे डोळे मिटून घ्यायचे.

आक्काबाईने बायांपुढे ते बोलून दाखवलं त्या दिवशी मी मोरीत गेले. लंका भांडी घासत होती.

"का गं, रडत का नाय तू?"

"चारचौघात येत नाय, आई."

"मग कव्हा येतं?"

"मामांचा सदरा धुतला तव्हा आलं. लय आलं." सासऱ्याला ती मामा म्हणायची.

"तेच जरा ओट्यावर आण. माझ्यासाठी. एकदा गळा काढ, आक्काचं तोंड बंद व्हईल."

ती घासायची थांबली. "नाय जमायचं, आई. मामांचं आन् माझं जे काय व्हतं, ते गपचूप व्हतं. आता लोकांपुढं मोठ्यानं केलं तर ते आमचं राहणार नाय." मग पातेलं फिरवत, वर न बघता म्हणाली, "लहानपणी मला वाटायचं, माझ्यात कायतरी कमी हाय. सगळे बोलतेत आन् मलाच येत नाय. आता नाय वाटत तसं. मी अशी हाय."

सून सासूला नाही म्हणाली, तेही आवाज न चढवता. मी जन्मभर भांडून जे मिळवलं, ते ही पातेलं घासता घासता घेऊन गेली. मला राग यायला पाहिजे होता. पण मनात आलं, निवड चांगली केली आपण.

दहाव्याला रामकुंडावर गेलो. पिंड ठेवला. समोर भिंतीवर कावळे बसलेले, पण एकही खाली येईना. मग भावकीने वचनं द्यायला सुरुवात केली. दीर रंगनाथ ओरडला, "दादा, वहिनीला काय कमी पडू देणार नाय." सहादू म्हणाला, "दादा, मी आईला सांभाळीन." कुणी गावच्या देवळाला कळस कबूल केला. कुणाचं वचन लागू पडतंय हे बघायला जो तो पुढे सरकत होता. मीही हात जोडून म्हणाले, "अहो, किती वेळ लावता? पोरं उपाशी हायेत, जा आता." कावळे ढिम्म.

आक्काबाईने पदर पसरला आणि हेल काढला. "सून रडली नाय म्हणून रुसला का रं माझा भाऊ..."

सगळ्यांच्या माना लंकाकडे वळल्या.

गुरुजी म्हणाले, "ऊन चढलं. दर्भाचा कावळा करू आणि शिववू."

"गवताच्या कावळ्यानं माझं माणूस जायचं नाय," मी म्हणाले.

"मंग विचार तुझ्या सुनंला," आक्काबाई म्हणाली.

तेव्हा लंका पुढे आली. आता ही वचन देणार किंवा शेवटी एकदाची रडणार, असंच सगळ्यांना वाटलं. तिने पिंडाकडे पाठ केली आणि आमच्याकडे तोंड.

"सगळे लांब व्हा," ती म्हणाली. आवाज तिचा नेहमीचाच, ऐकायला कान द्यावा लागेल असा. "पार त्या पायऱ्यांच्या वर जा. आन् कुणी बोलू नका. मामांना गलका सोसत नव्हता."

आक्काबाईने तोंड उघडलं. मी म्हणाले, "आक्का, सुनेनं काय सांगितलं ते ऐकलं ना?" आणि सगळ्यांच्या आधी मी मागे सरले. मी आजवर कुणाच्या सांगण्यावरून मागे सरलेली बाई नाही. मी सरले म्हणून बाकीचे सरले.

लंका एकटी खाली राहिली. पिंडापासून लांब, पायरीच्या एका टोकाला गुडघे जवळ घेऊन बसली, नदीकडे बघत. घरी बसायची तशीच, दुसरं टोक मोकळं सोडून. तिने वचन दिलं नाही. हातसुद्धा जोडले नाहीत. वर आम्ही सगळे गप्प. माझ्या तोंडात शब्द नुसते वळवळत होते, मी दात दाबून धरले.

एक कावळा खाली उतरला. दोन उड्या मारल्या, मान वाकडी करून तिच्याकडे पाहिलं. ती हलली नाही. मग तो पिंडापाशी गेला आणि त्याने चोच घातली. काव असंसुद्धा केलं नाही त्याने. माझ्या माणसाला शोभेल असाच आला आणि तसाच गेला.

आता हेल काढायची खरी वेळ होती. पण आक्काबाईचा गळा काही निघाला नाही.

बाराव्याला लंकाने स्वैपाक केला. आक्काबाई पंगतीत पहिली बसली. आमटीचा भुरका मारून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मीठ कमी हाय." आणि आणखी आमटी घेतली.

पाहुणे गेले. दुपारी मागच्या पायरीवर लंका सूप घेऊन तिच्या टोकाला बसली होती. मी गेले आणि त्यांच्या टोकाला बसले. ती उठायला लागली, मी हाताने बस म्हटलं. मला सांगायचं पुष्कळ होतं. आक्काबाईचं तोंड कसं झालं होतं, रंगनाथ काय म्हणाला, भावकीतल्या बाया आता कशा बोलतात. मी तोंड उघडलं आणि मिटलं.

तिने सूप दोघींच्या मध्ये सरकवलं. मी खडे वेचू लागले.

पायरीच्या कोपऱ्यात त्यांची तंबाखूची डबी तशीच होती. तिने ती हलवली नव्हती. मीही हलवली नाही.