केस आणि दाढी

डोळे उघडले तेव्हा उस्तादांच्या दोन्ही मुठी मिटलेल्या होत्या, आणि त्या त्यांनी मिटलेल्या नव्हत्या. गेले वर्षभर सकाळ अशीच उजाडत होती. उशाशी वाटीत थायरॉइडची गोळी होती. बाटलीचे झाकण सकाळी त्यांच्याने फिरत नसे, म्हणून बायको ती रात्रीच काढून ठेवी. दोन मनगटांमध्ये वाटी धरून त्यांनी गोळी तोंडात घेतली, वर पाण्याचा घोट. आता तासभर चहा नाही. तोवर न्हाणीघरात गरम पाण्याच्या बादलीत हात बुडवून बसायचे आणि एकेक बोट सोडवायचे. करंगळी आधी सुटे, अंगठा सर्वांत शेवटी. वस्तरा तोलला जातो तो अंगठ्यावरच.

"अहो, स्वेटर घाला," बायको म्हणाली.

"लोक नुसत्या सदऱ्यावर हिंडतायत."

"लोकांचं सोडा. तुमचे पाय बर्फ झालेत." बोलता बोलता तिने त्यांच्या सदऱ्याची बटणे लावली. "नवरीला सजवत नसतील इतकी मी तुम्हाला रोज सजवते."

डॉक्टरीणबाईंनी सगळे नीट समजावले होते. गळ्यातली ग्रंथी मंदावली आहे, म्हणून ही थंडी, हा थकवा, हा घोगरा आवाज. ते गोळीने हळूहळू सावरेल. सांध्यांचे दुखणे निराळे, त्याची औषधेही निराळी. "ही दोन दुखणी कधीकधी एकाच घरी मुक्कामाला येतात," त्या म्हणाल्या होत्या. "एक हललं की दुसरंही जाईल, असं धरून चालू नका." उस्तादांनी मान डोलावली होती, आणि नेमके तसेच धरून ते चालले होते.

दुकानाचे शटर समोरच्या इस्त्रीवाल्याने उचलून दिले.

"उस्ताद, गंज चढलाय."

"शटरला की मला?"

"दोघांनाही तेल घाला."

शटरमागच्या काचेवर पांढऱ्या रंगात लिहिले होते, 'केस आणि दाढी'. दुकान उघडले त्या दिवशी छापखानेवाल्यांनी ती अक्षरे स्वतःच्या हाताने रंगवली होती. छापखाना तेव्हा शेजारीच होता. पुढे तो विकला गेला, छापखानेवाल्यांच्या हृदयाची झडप बदलली, रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या सुरू झाल्या. पण सकाळची पहिली दाढी त्यांचीच, हा नेम काही मोडला नाही. गेल्या आठवड्यात त्यांच्या जबड्याखाली वस्तरा किंचित अडखळला होता. तुरटी लावली, रक्त थांबले, दोघे हसले आणि विषय तिथेच संपला. त्यानंतर मात्र सर्दीचा निरोप धाडून ते आले नव्हते; आज यायचे होते.

उस्तादांनी आरसा पुसला. आरशातल्या माणसाच्या भुवया कडेला विरळ झाल्या होत्या. दुसऱ्यांच्या केसांवर जन्म काढला, आणि आता आपल्याच भुवयांची टोके कुणीतरी न विचारता उडवून नेली, असे त्यांच्या मनात आले.

सर्वांत आधी दुकानाची पायरी चढली ती छापखानेवाल्यांची मुलगी.

"काका, बाबा यायच्या आधी एक सांगायचं होतं."

"ये, खुर्चीत बस. घाबरू नकोस, तुझे केस नाही कापत."

ती हसली नाही. "गेल्या आठवड्यात त्यांनी घरीच दाढी केली, स्वतःच्या हातानं. जबड्याखाली कापलं. रक्त थांबल्यासारखं व्हायचं आणि परत सुरू. शेवटी दवाखान्यात नेलं, टाके घालावे लागले. तुम्हाला बोलले नसतीलच."

उस्तादांच्या हातातला टॉवेल तसाच राहिला.

"तुमचं ऐकतात ते. घरी पातं लावू नका म्हणावं, तुमच्याकडेच या. तुमच्या हातात त्यांची मान असली की मला घोर नसतो, काका."

रस्त्यावरून एक हातगाडी खडखडत गेली. ती जाईपर्यंत उस्ताद थांबले.

"बस जरा," ते म्हणाले.

ती गेली त्यानंतर थोड्या वेळाने छापखानेवाले आले. जबड्याखाली चिकटपट्टी होती. मफलर गुंडाळून त्यांनी ती झाकली होती, आणि खुर्चीत बसताना मफलर काढावाच लागला.

"काय थायरॉइडराव? बायकांच्या दुखण्यात तू कुठल्या दारानं शिरलास?"

"मागच्या."

"हे काय झालंय विचार तरी. मांजरानं ओरबाडलं." त्यांनी मान मागे टाकली आणि डोळे मिटले.

उस्तादांनी फेस केला. ब्रश मुठीत धरता येतो, त्याचे काही अडत नव्हते. मग त्यांनी वस्तरा उघडला. सैल कातडीखाली गळ्याची शीर संथ उडत होती. अंगठा पात्याच्या मानेवर टेकला, पण वाकला नाही. उस्तादांनी जोर केला तसे सबंध मनगटच थरथरले. त्यांनी वस्तरा खाली ठेवला आणि गरम टॉवेलने छापखानेवाल्यांच्या गालांवरचा फेस पुसून काढला.

छापखानेवाल्यांनी डोळे उघडले. "काय झालं?"

"तुझी लेक येऊन गेली. तिच्याशी खोटं का बोललास?"

छापखानेवाले सरळ उठून बसले. "तिनं मला इथं येऊ दिलं नसतं. मग सकाळी उठून जाऊ कुठे मी? छापखाना तर गेला."

"मी सांगितलं तिला. ती जखम माझ्या हातची आहे म्हणून."

"काय म्हणाली?"

"माझी बोटं हातात घेऊन बघत बसली."

छापखानेवाले आरशाकडे पाहत राहिले. "दुपारी येत जाईन मी. तुझा हात सुटला की."

"सुटतो एखाद दिवशी, एखाद दिवशी नाही सुटत. ते आधी कळत नाही. तुझ्या गळ्यावर बघायचं का?"

"केसानं गळा कापणारे पुष्कळ भेटले मला. तू निदान वस्तऱ्यानं कापशील."

उस्ताद हसले, पण वस्तरा त्यांनी मिटून ठेवला.

"आणि बाकीच्यांच्या दाढ्या?"

"त्यांनाही गळे आहेतच ना. केसांना मशीन आहे, ते मुठीत मावतं."

त्या दिवशी आलेल्या गिऱ्हाइकांना उस्तादांनी तेच सांगितले. एकजण कुरकुरत समोरच्या गल्लीत निघून गेला. छापखानेवाले घरी जेवून परत आले आणि बाकावर वर्तमानपत्र धरून बसले. वाढलेल्या खुंटांवरून त्यांचा हात पुन्हा पुन्हा फिरत होता.

उन्हे कलली तेव्हा अंगठा सुटला. उस्तादांनी तो दोनदा वाकवून पाहिला. मग भिंतीवरचा चामड्याचा पट्टा ताणून त्यांनी वस्तरा त्यावर सावकाश फिरवला. छापखानेवाल्यांनी वर्तमानपत्र खाली केले आणि खुर्चीकडे पाहिले. उस्ताद खुर्चीकडे आले नाहीत. दार उघडून ते बाहेर काचेसमोर उभे राहिले.

छापखानेवाले त्यांच्यामागे पायरीवर आले. पाते कुठे टेकले ते त्यांनी पाहिले.

"माझं अक्षर आहे ते. जपून."

"तुझा गळा नव्हे, काच आहे."

'दाढी' निघाली. रंगाच्या पातळ, पांढऱ्या साली गुंडाळत खालच्या चौकटीवर पडल्या.

"'आणि'सुद्धा काढ," थोड्या वेळाने छापखानेवाले म्हणाले. "लोक उगीच आत येऊन विचारतील, आणि काय?"

उस्तादांनी 'आणि' काढला. चौकटीवरच्या साली तळहाताने गोळा केल्या. छापखानेवाल्यांनी पुढे होऊन काचेवर बोट फिरवले. कुठेही ओरखडा नव्हता.