अर्धी गोळी

गरोदरपणाच्या सातव्या महिन्यात, रात्रीमागून रात्री जागून काढल्यावर, तिने एकाच दिवशी अठरा बाह्या उलट्या कापल्या. कपड्यांच्या कारखान्यात नऊ वर्षं कापणीच्या टेबलावर काढली होती, पण असं कधी झालं नव्हतं. मास्तर ओरडले नाहीत. "घरी जा, जरा झोप काढ," एवढंच म्हणाले. त्यानेच तिचं डोकं फिरलं. झोप काय कपाटात ठेवलीय काढायला?

घरी सासूबाईंनी आपल्या झोपेच्या गोळ्यांची पट्टी पुढे केली. "अर्धी घे. मी दहा वर्षं घेतेय, मला काय झालं?"

"तुम्हाला दिवस गेलेले नाहीत, आई."

नणंदेने बाटली आणली. "मग हे घे. झाडपाल्याचं आहे."

"यात काय काय आहे, लिहिलंय कुठे?"

"भलं करायला जावं तर हिचे प्रश्न!" नणंद फुगली.

नवरा म्हणाला, "मोबाइल कमी बघ." तिने मोबाइल त्याच्या हातात कोंबला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने खरंच एक गोळी मोडली. अर्धी तळहातावर घेऊन बसली आणि रागाने रडली. मग अर्धी गोळी तशीच ठेवून, पट्टी आणि बाटली उचलून कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे गेली. त्याने पट्टीवरचं नाव वाचलं.

"ताई, डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काहीही घेऊ नका. झाडपाल्याचंसुद्धा."

"मग घेऊ काय?"

"ते डॉक्टरच सांगतील."

दवाखान्यात दीड तास बाकावर गेला. डॉक्टरबाईंनी विचारलं, "झोप लागत नाही, म्हणजे नेमकं काय होतं?"

हे तोवर कुणी विचारलंच नव्हतं.

"आडवी झाले की पायांत किडे वळवळल्यासारखं होतं. उठून चाललं की थांबतं. पडलं की पुन्हा सुरू!"

रक्त तपासलं. लोह फारच कमी निघालं; पायांतली वळवळ त्यामुळेच होती. डॉक्टरबाईंनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. "झोपेची गोळी सध्या नको. पुढे लागलीच, तर कुठली आणि किती ते मी ठरवेन. काही आठवडे धीर धरा."

"आठवडे?" तिचा आवाज चढला.

"चीड येणारच," डॉक्टरबाई म्हणाल्या.

पाचव्या आठवड्यात, सुट्टीच्या दुपारी, ती सलग तीन तास झोपली. आणखीही झोपली असती, पण सासूबाईंनी खांदा हलवला.

"लागली का गं झोप?"

तिने उशी तोंडावर ओढली आणि दात-ओठ खाल्ले.