सतरा जास्तीच्या फेऱ्या

टक.

शांत दुपारी एवढासाच आवाज झाला आणि मी टेबलावरून डोकं उचललं. लॅपटॉपवर सात नंबरचा उंदीर संपला होता, म्हणजे त्याची फिल्म. मोजायचं यंत्र हाताशीच होतं, एकोणीसवर. माझ्याच बोटानं वाजलं असेल. मी आकडा पाठवून मोकळी.

काम तसं सोपं. जाळीपलीकडे मादी, अलीकडे नर. तो जाळीच्या दारापाशी गेला की एकदा टक. कुणाला काय टोचलंय, हे मोजणाऱ्याला सांगत नाहीत. माझ्या पाच वर्षांच्या लेकीला, भिंगरीला झोपवून मी हे घरून करते. ही सवलत प्रयोगशाळेच्या मॅडमनी वरच्यांशी भांडून मिळवून दिलीय.

तासाभरात त्यांचाच फोन, मी स्पीकरवर घेतला. "अगं, सातचं डोपामीन आम्ही औषधानं गप्प बसवलंय. डोक्यात 'जा, जा' म्हणणारं रसायनच बंद! आणि तुझा पठ्ठ्या एकोणीस वेळा मादीच्या दारात?"

"प्रेम असेल, मॅडम."

"संध्याकाळपर्यंत प्रेमाचा खुलासा दे. नाहीतर उद्यापासून इथे येऊन मोजायचं."

मग भिंगरीला ठेवू कुठे? फिल्म पुन्हा लावली. उंदीर दोनदा दारापाशी गेला, मग कोपऱ्यात बसून मिशा साफ करत राहिला. फक्त दोनदा! मग हे सतरा आले कुठून?

"ते माझे," खांद्यामागून भिंगरी म्हणाली. "तू झोपली होतीस. बाबाला आज सुट्टी ना, तो दारापाशी यायचा, तुला बघायचा नि परत जायचा. तूच म्हणालीस ना, दारापाशी आला की टक?"

मॅडमना खरं ते सांगितलं, माझ्या डुलकीसकट. पलीकडे बराच वेळ नुसतंच हसू. "दोन लिहिते. यंत्र उंचावर ठेव. आणि त्या सतरावाल्याला निदान चहा तरी विचार, बाई!"

फोन ठेवला, तर दारात तोच.

"उठलीस? काही नाही, सहज आलो."

टक.

"थांब रे जरा, एवढा आठ नंबर बघते," मी म्हणाले.

भिंगरीनं त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आई, बाबाला ते औषध नाही दिलेलं. मग तुला दिलंय का?"