डोलकाठीतला दुसरा दोरा

एल्मानं डोलकाठीच्या बुडाला एक लाथ घातली आणि मग इकडेतिकडे पाहिलं, कोणी बघितलं तर नाही ना.

बघितलं होतं. पलीकडच्या बोटीखाली उताणा पडून आर्ने जुना रंग खरवडत होता. म्हातारा एका कानानं ठार बहिरा, पण नजर घारीची.

"काय म्हणाली गं काठी तुला?"

"तू तुझं खरवड!"

काठी चार लाकडी घोड्यांवर आडवी पडलेली. पंचेचाळीस फूट. ऑक्टोबरात उतरवलेली, आता मे उजाडला होता, आणि सरोवराच्या कडेला अजून बर्फाचे तुकडे एकमेकांवर खरखरत होते. ती उभी करायला क्रेन दोनला येणार. आजची फेरी हुकली की पुढची तीन आठवड्यांनी. आणि एल्माच्या हातात जुनी, उंदरांनी कुरतडलेली केबल होती. नुसतीच. तिच्या शेपटीला बांधलेल्या दोन नव्या केबल काठीच्या पोटातल्या नळीत कुठंतरी सुटल्या होत्या.

तशी ही कामं सोपी. जुनी ओढायची, तिच्यामागून नवी येते. एक केबल रेडिओची, दुसरी टोकावर जी वारा मोजायची भिंगरी असते तिची. फक्त माणसं दोन लागतात. टोकाकडून एक ढकलणार, बुडाशी एक ओढणार. बावीस वर्षं टोकाला इर्जा असायची. एल्माची थोरली बहीण.

इर्जाचे गुडघे गेले आणि ती फीनिक्सला राहायला गेली, वाळवंटात. जायच्या आधी याच घोड्यांपाशी दोघींची जुंपली होती. बोट निम्मी हिची, निम्मी तिची.

"विकून टाकू एल्मे. एकटी काय करणार आहेस तू?"

"सगळं करीन."

"बरं. वसंतात एकटीनं काठी तयार कर. क्रेन सोडून कोणाचा हात लागता कामा नये. जमलं तर माझा निम्मा हिस्सा तुझा. नाही जमलं तर विकायची."

"चालेल!"

एल्मानं विचार करायला एवढासुद्धा वेळ घेतला नव्हता.

नव्या केबल तिनं बाहेर खेचून काढल्या. नळी आता रिकामी. आत दोरा नाही तर ओढणार कशानं? आणि दोरा का नाही, हे तिच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. इर्जा दरवर्षी एक जादाचा नारिंगी दोरा आतून टाकून ठेवायची. "असू दे गं, कधी लागेल." एल्माला त्या दोऱ्याचा भयंकर राग. ऑक्टोबरात इर्जाची गाडी फाटकातून बाहेर पडली आणि एल्मानं तो दोरा सरसर ओढून काढला आणि कचऱ्याच्या पिंपात फेकला. पंचेचाळीस फूट दोरा. तेव्हा फार बरं वाटलं होतं.

आर्ने उठून आला. हातात वेलदोड्याचा पाव, प्लास्टिकच्या पिशवीसकट.

"मी धरू का एक टोक?"

"हात लावलास तर बोट जाईल माझी."

"इर्जाला काय कळतंय तिकडे बसून?"

"मला कळेल ना!"

"खा तरी."

ती उभ्याउभ्याच खात राहिली. हातातली पिशवी वाऱ्यानं फडफडली, सटकली आणि जाऊन आर्नेच्या व्हॅक्यूमच्या तोंडाला चिकटली. रंगाचा भुसा ओढायला तो यंत्र चालूच ठेवायचा, काम असो नसो. एल्मा चावायची थांबली.

"आर्ने, तो व्हॅक्यूम दे."

"मग ती मदत झाली."

"का? त्याला हात आहेत?"

"सोंड आहे," आर्ने म्हणाला आणि स्वतःच हसत सुटला.

तिनं सोंड काठीच्या बुडाशी नळीला लावली आणि टेपनं गच्च आवळली. पिशवीचा एक तुकडा फाडला, मासे धरायच्या बारीक दोऱ्याला बांधला. यंत्र चालू केलं आणि पळत टोकाला गेली. तुकडा नळीच्या तोंडाशी धरला. पहिल्यांदा काहीच नाही. मग हातातून कोणी हिसकावून घ्यावा तसा तो आत गेला आणि खाली ठेवलेलं रीळ गरागरा फिरायला लागलं.

"अरे बघ! बघ ना!" ती ओरडली. बहिऱ्या बाजूला.

बारीक दोऱ्याला जाड दोरा, जाड दोऱ्याला केबल. या वेळी दोन्ही शेजारीशेजारी नाही बांधल्या. एकीच्या मागे एक, उंदराच्या शेपटीसारखं निमुळतं, वर साबणाचं पाणी. इर्जा अशीच बांधायची. बुडाशी हातभर ओढायचं, अडलं की पळत टोकाला जाऊन केबल सरळ करायची, परत पळत बुडाशी. किती चकरा झाल्या देव जाणे. गुडघे तिलाही होतेच की. पाऊण वाजता केबलची तोंडं बुडातून बाहेर आली.

"आली!" एल्मा नळीत तोंड घालून ओरडली. तशी सवयच होती. टोकाला आज नुसतं रीळ पडलेलं होतं.

मग काय वाटलं कोण जाणे, बोटीतून नारिंगी दोऱ्याचं नवं रीळ आणलं आणि व्हॅक्यूम परत लावून तोही आतून टाकला. दोन्हीकडे गाठ मारली.

तीन वाजता काठी उभी होती. तिनं फीनिक्सला फोन लावला. पहिल्याच घंटीला इर्जानं उचलला.

"झालं," एल्मा म्हणाली.

"एकटीनं?"

"एकटीनं. आर्नेचा व्हॅक्यूम वापरला फक्त."

"हं. मी सकाळपासून फोन घेऊन बसले होते गं."

"कशाला?"

"तुझा येईल म्हणून. अडलंय, ये, म्हणशील म्हणून. तिकीटसुद्धा बघून ठेवलं होतं."

"मग अट कशाला घातलीस?"

"तू नाही म्हणशील असं वाटलं होतं. 'तू नसलीस तर मला नाही जमायचं', असं काहीतरी म्हणशील. तू चालेल म्हणालीस. लगेच."

एल्मानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"जमतंय ना तुला," इर्जा म्हणाली. "चांगलं आहे. कागद पाठवते. बोट तुझी."

फोन बंद झाला. नारिंगी दोऱ्याचं सांगायचं राहूनच गेलं. परत लावला तर वाजत राहिला, वाजत राहिला.

ती बोटीवर चढून सुकाणूच्या चाकापाशी बसली. शेजारची इर्जाची उशी हिवाळाभर तिथंच होती, कडेनं बुरशी धरलेली. समोरच्या पडद्यावर वाऱ्याच्या वेगाचा आकडा आला. नव्या केबलमधून, एकदम स्वच्छ. बावीस वर्षं इर्जा तो आकडा दर दोन मिनिटांनी मोठ्यानं वाचायची आणि दर दोन मिनिटांनी एल्मा खेकसायची, दिसतंय मला!

"बारा," एल्मा मोठ्यानं म्हणाली.

कोणी खेकसलं नाही.

"तेरा."