मजले नऊ, ग्रह आठ

घाटकोपरच्या त्या इमारतीचा गणपती माघात बसतो. भाद्रपदात बसवला तर त्याला बघायला उरणार कोण? अर्धी इमारत तेव्हा कोकणात, आपापल्या घरच्या गणपतीला. चाळ होती तेव्हापासूनचा हा रिवाज. चाळ पडली, तिच्या जागी नऊ मजले उभे राहिले, गणपती माघातलाच राहिला. देखावा मात्र दरवर्षी नवा. यंदा ‘आपली सूर्यमाला’ करायचं ठरलं आणि ते आपल्यामुळे ठरलं, असं निदान जयंतीला वाटत होतं.

जयंती तिसऱ्या मजल्यावरची, बावन्न वर्षांची. दहावीला विज्ञानात तीन मार्क कमी पडले आणि शाळा तिथेच सुटली. पुढची पंचवीस वर्षं एका दातांच्या डॉक्टरकडे पेशंटांची नावं पुकारण्यात गेली. त्या नोकरीने तिला खणखणीत आवाज दिला आणि दुपारचे रिकामे दोन तास दिले. ते दोन तास ती वाचनालयात काढायची, तेही मुलांच्या विभागात, कारण मराठीतली विज्ञानाची पुस्तकं तिथेच होती. खुर्च्या गुडघ्याएवढ्या. त्यांवर पाय दुमडून बसून तिने गुरूचे चंद्र मोजले. शुक्राचा दिवस त्याच्या वर्षाहून मोठा असतो हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा राहवलं नाही म्हणून शेजारच्या मुलीला सांगितलं. मुलगी म्हणाली, “काकू, हळू बोला ना.”

तर देखाव्याची मिटिंग खाली पार्किंगमध्ये भरली. मंडळाचे अध्यक्ष लवूदादा, सत्तरीचे, एके काळचे गिरणी कामगार, चाळीच्या दिवसांपासून हीच खुर्ची धरून बसलेले.

“प्रत्येक मजल्यान एक ग्रह करूचो,” लवूदादा म्हणाले. “पयलो मजलो बुध, दुसरो शुक्र, तिसरो पृथ्वी. जसजसो वर जाशात तसतसो सूर्य लांब. कशी आसा आयडिया?”

आयडिया झकास होती, जयंतीलाही ती आवडली. फक्त एक गोष्ट होती.

“दादा, ग्रह आठ आहेत.”

“नऊ.”

“आठ. प्लूटोला दोन हजार सहा साली काढला. आता तो बटुग्रह.”

“अगो, मजले नऊ, ग्रह नऊ. देवान इतक्या बरोबर जुळवून दिल्यान आणि तू मध्येच एक कमी करतंस?”

नवव्या मजल्यावरच्या रुक्मिणीवहिनी ताठ झाल्या. “काढला म्हणजे? कोणी काढला?”

“शास्त्रज्ञांनी. रीतसर मतदान झालं, वहिनी.”

“नवव्या मजल्याला विचारलं होतं?”

सगळे हसले. वहिनी हसल्या नाहीत. “नळाला प्रेशर नाही ते आमच्या. लिफ्ट बंद पडली की गुडघे जातात ते आमचे. आता ग्रहांतनं पण आम्हीच बाहेर! वा गं जयंती.”

प्लूटो राहिला. जयंतीच्या वाट्याला आली माहिती. देखावा चालू असताना मागून ऐकू येणारी माहिती तिने लिहायची आणि तिच्याच आवाजात रेकॉर्ड करायची. त्या एका गोष्टीसाठी तिने प्लूटो गिळला. आजवर तिने जे वाचलं होतं ते घरात कोणी ऐकून घेतलं नव्हतं. नवऱ्याने तर शनीच्या कड्यांपर्यंत पोचायच्या आत टीव्हीचा आवाज वाढवला होता. आता पाच दिवस रोज शेकडो माणसं तिचं ऐकणार होती. सात मिनिटांची माहिती लिहायला तिला तीन आठवडे लागले.

ग्रहांचे आकार नीट व्हावेत म्हणून तिने लिफ्टमध्ये कागद चिकटवला. सगळ्यांना कळेल असा, स्वयंपाकघरातल्या मापाचा: पृथ्वी वाटाण्याएवढी धरली तर शुक्रही वाटाणाच, बुध मोठी मोहरी, मंगळ मसूर, गुरू डाळिंब, शनी मोसंबं, युरेनस आणि नेपच्यून दोन छोटी लिंबं. सूर्य धरायचा तर पाण्याचं मोठं पिंप. खाली अधोरेखित करून लिहिलं, ‘सर्वांनी याच प्रमाणात मोठे करावेत.’

दुसऱ्या दिवशी कागदावर कोणीतरी पेनाने लिहून ठेवलं होतं, ‘भाजीची यादी कोणाची राहिली आहे?’

मग ग्रह यायला लागले. पहिल्या मजल्यावरच्या तरुणांनी व्यायामाचा मोठा रबरी चेंडू राखाडी रंगवून आणला, कमरेएवढा. तो बुध. मोहरी! दुसऱ्या मजल्याने शुक्राला गुलाबी चमकी लावली. पाचव्या मजल्यावर चारांपैकी तीन घरांना कुलूप, एकटे धवलभाई राहतात. ते गुरू तळहातावर घेऊन आले.

“जुओ जयंतीबेन, लाल डाग पण टाकला. मस्त ना?”

लाल डाग खरंच होता आणि जिथे हवा तिथेच, विषुववृत्ताच्या खाली. पट्टेही सुंदर काढले होते. गुरू तेवढा टेनिसच्या चेंडूएवढा होता.

“धवलभाई, यात तेराशे पृथ्व्या मावायला हव्यात.”

“तेराशे?” धवलभाईंनी गुरू उलटासुलटा करून पाहिला. “टाइट होईल.”

जयंती घरी आली आणि तिने कणीक अशी तिंबली की नवऱ्याने विचारलं, आज कोणावर राग आहे. ती म्हणाली, बुधावर.

खरा घोळ पुढेच होता. लवूदादांचा मुलगा राजेश लाइट-डेकोरेशनचं काम करतो. त्याने लोखंडी गोल कडं बनवलं, मोटर बसवली, कड्याला दांडे लावले आणि दांड्यांवर ग्रह. मधोमध मखर आणि मखरात गणपती. सूर्य, म्हणजे आत बल्ब घातलेला पिवळा गोळा, एका दांड्यावर शनी आणि युरेनसच्या मध्ये अडकवलेला. राजेशने बटण दाबलं. नऊ ग्रह आणि दहावा सूर्य गणपतीभोवती फिरायला लागले.

जयंतीने मखराकडे बोट केलं. “राजेश, सूर्य मध्ये असतो रे.”

“मध्ये बाप्पा आहे ना काकी.”

“मग बाप्पाला जरा मागे घेऊ या. बाप्पा बघतायत आणि समोर सूर्यमाला फिरतेय. किती छान दिसेल!”

“प्रतिष्ठापना झाली,” मागून लवूदादा म्हणाले. “आता मूर्ती हलवूची नाय. आणि देवाक बाजूक करून मधी बल्ब लावूचो? लोक काय म्हणतीत?”

देव मध्ये आला की वाद संपतो, हे जयंतीला या इमारतीत येण्याआधीपासून ठाऊक होतं. ती स्वतःही रोज दिवा लावणारी बाई. देवाविरुद्ध तिची तक्रार नव्हती. तक्रार राजेशच्या दांड्याविरुद्ध होती, पण तेवढा फरक ऐकून घ्यायला तिथे कोणाला वेळ नव्हता.

“आता तुझ्या माहितीत तेवढा वाक्य बदल,” लवूदादा म्हणाले. “सगळे ग्रह बाप्पाभोवती फिरतत, असा बोल. दिसता तसाच बोलूक होया.”

“ते मी नाही बोलणार.”

“एक वाक्य गो.”

“दादा, प्लूटो घेतलात, घेतलात. मोहरीचा भोपळा केलात, तोही चालवून घेतला. पण माझ्या आवाजात खोटं नाही जाणार. दुसरं कोणी बोलत असेल तर खुशाल बोलू दे.”

लवूदादांनी राजेशकडे पाहिलं. राजेश म्हणाला, “राहू दे काकी. मी करतो अॅडजस्ट.”

जयंतीला वाटलं, आपण जिंकलो. तिने स्वयंपाकघराची दारं लावून, पंखा बंद करून, फ्रिजसुद्धा बंद करून राजेशच्या मोबाइलवर सातही मिनिटं एका दमात बोलून टाकली. बाहेर आली तेव्हा पाठ घामाने भिजली होती आणि फ्रिजमधलं बर्फ वितळलं होतं.

पहिल्या संध्याकाळी रांग फाटकाच्या बाहेर गेली. जयंती हिरवी नारायणपेठ नेसून मुद्दाम रांगेत उभी राहिली, आपला आवाज बाहेरच्यासारखा ऐकायला. दिवे मंदावले, मोटर घरघरली, आणि तिचा आवाज आला. “नमस्कार. चला, आपल्या सूर्यमालेच्या सफरीला.” तिच्या अंगावर काटा आला. पुढचं वाक्य आलं, आणि काटा तसाच राहिला पण कारण बदललं.

“सूर्य पृथ्वीभोवती फिरतो,” तिचा आवाज खणखणीत म्हणाला. मग सनई.

तिने लिहिलं होतं: सूर्य रोज उगवताना आणि मावळताना दिसतो, म्हणून आपल्याला वाटतं की सूर्य पृथ्वीभोवती फिरतो, पण तसं नाही, पृथ्वीच सूर्याभोवती फिरते. राजेशने पुढचं कापलं, मागचं कापलं आणि मधलं ठेवलं. सात मिनिटांची दोन झाली होती.

तिच्या पुढे उभी असलेली बाई कडेवरच्या लेकीला म्हणाली, “बघ, सूर्य कसा गोल गोल फिरतोय. त्या बाई सांगतायत ना?”

जयंती रांग सोडून मागच्या पडद्याकडे गेली. राजेश वायरींच्या गुंत्यात बसून चहा पीत होता.

“हे काय केलंस?”

“काय काकी? तुझंच वाक्य आहे. मी पदरचा एक शब्द घातला नाय.”

“तोंडात शेण घातलंस माझ्या! पूर्ण लाव ते.”

“सात मिनिटांत रांग हायवेला लागेल यार. आणि ओरिजिनल उडवलं मी, मोबाइल फुल झालेला.”

“मग बंद कर.”

“बाबांना विचार.”

तिने कोणाला विचारलं नाही. बोर्डावरच्या चार पिनांपैकी स्पीकरची कोणती हे तिला माहीत नव्हतं, म्हणून तिने पहिली ओढली. गणपतीवरचा प्रकाश गेला. रांगेत “अरे, अरे” झालं. ती घाईने परत लावून तिने दुसरी ओढली. आवाज थांबला आणि मोटरची नुसती घरघर उरली. आरतीचा माइक टेबलावर होता, त्याची वायर निराळी. तो उचलून ती पडद्याच्या पुढे आली.

“मी जयंती, तिसरा मजला,” ती म्हणाली. “आत्ता ऐकलात तो आवाज माझा होता, आणि तो चुकीचं बोलला. सूर्य पृथ्वीभोवती फिरत नाही. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, बाकीचे सात ग्रहही फिरतात. हो, सातच. इथे मध्ये बाप्पा बसलेत तो त्यांचा मान. सूर्याला जागा उरली नाही ही आमची गैरसोय, आकाशात तशी गैरसोय नाही.”

“गो जयंती!” लवूदादा धोतर सावरत आले. “लोक दर्शनाक इले हत, शाळेत नाय.”

“दर्शन घेऊ देत ना, दादा. मी कुठे अडवलंय?” तिचा आवाज चिरकला, पण माइक तिने सोडला नाही. “आणि तो मोठा राखाडी चेंडू म्हणजे बुध. तो खरा सगळ्यांत लहान.”

पहिल्या मजल्याचे तरुण “ओ काकी!” करून ओरडले. एकटे धवलभाई टाळ्या वाजवत होते. बाकीची रांग प्रसादाकडे सरकली. साखरफुटाणे संपत आलेत, अशी आवई उठली होती.

दुसऱ्या संध्याकाळी माइक मंडळाच्या कपाटात आणि कपाटाची किल्ली लवूदादांच्या कमरेला. तिच्या आवाजाचं रेकॉर्डिंगही नव्हतं, नुसती सनई वाजत होती. सूर्य शनीच्या पाठीमागून फिरतच होता. लवूदादांनी तिच्याकडे न बघता दर्शनाला आलेल्यांच्या चपला ओळीने लावून घेतल्या.

जयंतीने रांगेच्या दोरीच्या कडेला उभं राहून दहा-दहा माणसांच्या घोळक्याला तोंडानेच सांगायला सुरुवात केली. दहातले सहा पुढे बघत असत, तिघे मोबाइलमध्ये. एकाने विचारलं, चपला कुठे काढायच्या. एक बाई शनीची कडी बर्फाच्या तुकड्यांची असतात हे अगदी मन लावून ऐकत होत्या. जयंतीला उभारी आली. ऐकून झाल्यावर बाईंनी विचारलं, “ते ठीक, पण माझी साडेसाती कधी सुटेल?”

“मला नाही माहीत.”

“मग शनीचं काय सांगता?”

आठच्या सुमाराला रुक्मिणीवहिनी नऊ मजले उतरून आल्या. लिफ्ट बंद होती. त्यांनी आपला प्लूटो फिरून येईपर्यंत वाट पाहिली. निळा, विणकामाच्या लोकरीने गुंडाळलेला, एवढासा.

“माझ्या प्लूटोचं काय सांगतेस लोकांना?”

“बटुग्रह.”

“बरं.” वहिनींनी श्वास घेतला. “पण सांगतेस तर खरं?”

“सांगते. त्याचा एक चंद्र जवळजवळ त्याच्या निम्म्याएवढा आहे, तेही सांगते.”

“निम्म्याएवढा?” वहिनींनी फिरत्या प्लूटोकडे पाहिलं. “म्हणजे अगदीच एकटा नाही.” मग पाण्याची बाटली तिच्या हातात देऊन म्हणाल्या, “घसा बघ कसा झालाय. मूर्खासारखी उभी आहेस आणि कोणी ऐकतंय का?”

“नाही.”

“मग?”

जयंती पाणी प्यायली. उत्तर द्यायचं तिच्या मनात होतं, पण पुढचा घोळका दोरीशी येऊन उभा राहिला होता. त्यात ऑफिसातून थेट आलेला, खांद्याला बॅग लावलेला एक गृहस्थ होता. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे.

“बाई, जरा थोडक्यात सांगा हां. घरी जायचंय.”

“थोडक्यात नाही जमणार,” जयंती म्हणाली. “थोडक्यात सांगितलं होतं काल, त्यात वाट लागली.”

आणि बसलेल्या घशाने तिने बुधापासून सुरुवात केली.