चार नंबरच्या टाकीचं आयुष्य

कारखान्याच्या आवारात मुंगीला शिरायला जागा नव्हती. पाळी सुटलेले, पाळीवर आलेले, त्यांच्या बायका, पोरं, सगळे अ‍ॅसिडच्या चार नंबरच्या टाकीकडे डोळे लावून उभे. रेशमी कफनीतले महाराज टाकीला तळहात टेकवून डोळे मिटून होते.

"मागच्या तिमाहीत मी हिचं आयुष्य दहाचं चाळीस वर्षं केलं!" महाराज गरजले. "तोट्यातली कंपनी नफ्यात आली की नाही?"

"आली!" मालकांनी छापील ताळेबंद नाचवला. "तीन वर्षांत पहिल्यांदा! म्हणूनच यंदाची दुरुस्ती रद्द. अमर वस्तूला कसली दुरुस्ती?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. म्हातारा वेल्डर तर टाकीलाच हात जोडून मोकळा झाला.

मोजणीताईने मात्र टाळी वाजवली नाही. टाक्यांच्या पत्र्याची जाडी यंत्राने मोजणं हे तिचं काम, म्हणून हे नाव. आणि तिचा धाकटा भाऊ रोज आठ तास याच टाकीखालचे व्हॉल्व्ह सांभाळायचा.

तिने हिशेबनीस काकांना बाजूला ओढलं. "काका, माल तेवढाच विकला, भावही तोच. मग नफा आला कुठून?"

काकांनी इकडेतिकडे पाहिलं. "अगं, घसाऱ्यातून. टाकी दोन कोटींची. वहीत आयुष्य दहा वर्षं धरलं, की झीज म्हणून दरवर्षी वीस लाख खर्चात टाकायचे. मालकांनी चाळीस लिहायला लावलं. वीसचे झाले पाच! सगळ्या यंत्रांना हेच केलं. खर्च आटला, नफा दिसला."

"आणि हे महाराज?"

"आयुष्य कशावरून वाढवलं, असं कुणी विचारलं तर दाखवायला काहीतरी नको? जाहिरात खर्चात टाकलेत त्यांना."

ताईचं डोकंच सणकलं. जाडी मोजायचं यंत्र घेऊन ती गर्दी रेटत थेट टाकीपाशी गेली.

"महाराज, हात तिथेच ठेवा हं." तिने तळहाताशेजारी यंत्राचं टोक टेकवलं. "नवी होती तेव्हा बारा मिलिमीटर. सहाच्या खाली गेली की टाकी बंद करायची, असा नियम." ती गर्दीत पुढेच उभ्या असलेल्या भावाकडे वळली. "आकडा वाच रे, मोठ्याने."

"पाच पूर्णांक आठ," भावाने वाचलं.

"यंत्राला श्रद्धा नसते, बालिके!"

"तुम्हाला आहे ना? मग उद्या याच्या जागी तुम्ही बसा टाकीखाली. आठच तास."

महाराजांनी हात झटकन काढला. "उद्या आमचं... मौन आहे."

"मग तिथेच पाळा की! कोण येतंय बोलायला?" वेल्डर ओरडला आणि आवारभर हशा पिकला. त्या हशातच महाराज गाडीत जाऊन बसले.

एकही माणूस टाकीखाली जायला तयार होईना, तेव्हा मालकांना ती रिकामी करावीच लागली. धुवून झाल्यावर वेल्डरने, अ‍ॅसिड साचून सगळ्यात जास्त झिजलेल्या तळाच्या जोडावर हातोडा मारला. तो आरपार गेला. खाली भावाचं स्टूल होतं.

ताईला रडू फुटलं. रडतच ती सगळ्यांना म्हणाली, "अरे, ते वहीतलं आयुष्य होतं! तिथे चाळीसचं चारशेही करता येतं. पत्रा रोज झिजतो, आणि तो मोजल्याशिवाय कळत नाही. यापुढे कुणी चमत्कार दाखवला, तर हात जोडायच्या आधी विचारा: मोजलं कुणी? केव्हा? आकडा दाखवा."