एकही शब्द खोटा नव्हता

वर्तमानपत्राच्या कचेरीत तिला सगळे फोडणीबाई म्हणत. अगदी तोंडावर म्हणत, आणि तिलाही त्याचं वाईट वाटत नसे. बातमीदाराने आणलेली मिळमिळीत बातमी तिच्या टेबलावरून गेली की तिला चव आलीच म्हणून समजा. खोटं मात्र ती कधी लिहीत नसे. एखादा शब्द इकडचा तिकडे, एखादं प्रश्नचिन्ह, तीन टिंबं, बास, एवढंच.

त्या संध्याकाळी पान लावायच्या गडबडीत बातमीदाराने फोनवर चार ओळी सांगितल्या. बसथांब्याजवळ एक माणूस रडणाऱ्या लहान मुलीला हाताला धरून नेत होता, लोकांनी हटकलं, चौकीत चौकशी चालू आहे. माणूस पुलाखाली चाव्या बनवतो. पिशवीत कानस, पक्कड, तारा.

"पुढे काय झालं?" तिने विचारलं.

"कळलं की सांगतो."

पान थांबायला तयार नव्हतं. तिने मथळा दिला: ‘चिमुरडीला "तो" कुठे नेत होता?’ खाली लिहिलं: ‘ती रडत होती. तो तिला नेत होता. त्याच्या पिशवीत काय होतं? कानस, पक्कड आणि... एक टोकदार तार.’ पुलाखालच्या दुकानाचा उल्लेखही ठेवला. तपशिलाने बातमीला वजन येतं. संपादकांनी वाचलं आणि म्हणाले, "झकास! अंगावर काटा आला."

दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या सुमाराला तिच्या नणंदेने त्याच बातमीचा फोटो तिला मोबाइलवर पाठवला. खाली लिहिलं होतं, ‘वहिनी, पोरांना एकटं सोडू नका हं. हा नराधम आपल्याच गावात मोकाट फिरतोय!’

नराधम? तिने आपलीच बातमी पुन्हा वाचली. तो शब्द बातमीत कुठेच नव्हता. ‘मोकाट’ही नव्हता. आणि तरी वाचता वाचता ते दोन्ही शब्द तिला स्वच्छ ऐकू आले.

तेवढ्यात बातमीदाराचा फोन आला. त्याला धाप लागली होती.

"अहो, घोटाळा झाला. पोरगी बाजारात हरवली होती, घर कुठे ते तिला सांगता येईना. हा माणूस तिला चौकीतच नेत होता. तिची आई कालच येऊन तिला घेऊन गेली, त्याच्या पाया पडायची बाकी राहिली होती. आणि आता पुलाखाली माणसं जमलीत. शटर ठोकतायत. तो आत आहे."

"पोलीस?"

"हवालदार निघालेत म्हणे."

ती संपादकांच्या खोलीत गेली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "आपण खोटं काहीच छापलेलं नाही. उद्या खुलासा देऊ. नियमाप्रमाणे, आतल्या पानावर."

"उद्या?" ती म्हणाली, आणि पर्सही न घेता जिना उतरली.

पूल दहा मिनिटांवर होता, ती पाच मिनिटांत पोचली. तीस-चाळीस माणसं असतील. नुसती टवाळ पोरं असती तर तिला एवढी भीती वाटली नसती. पण भाजीची पिशवी घेतलेल्या बायका होत्या, बँकेतल्यासारखे दिसणारे दोघं होते, एक आजोबा होते. सगळी चांगली माणसं. शटरला खालच्या बाजूने मोठा पोचा आला होता. पुढे एक आडदांड माणूस मोबाइलवरून मोठ्याने वाचत होता, आणि छान वाचत होता. "कानस, पक्कड आणि..." तिने जिथे टिंबं दिली होती तिथे तो बरोबर थांबला. चाळीस माणसांनी श्वास रोखला. "एक टोकदार तार!"

कुणीतरी शटरवर लाथ घातली.

"थांबा!" ती ओरडली. "ती बातमी अर्धवट आहे!"

"तुम्हाला काय माहीत?"

"मी लिहिलीय ती."

मग एक बाई पुढे आली आणि तिने फोडणीबाईचे हात हातात घेतले. "शाबास हो ताई! तुमच्यामुळे कळलं आम्हाला." लोकांनी बाजूला होऊन तिला वाट करून दिली. त्या वाटेने शटरपाशी जाताना तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ती वळून उभी राहिली. भीतीने तिच्या तोंडातून कचेरीची भाषा बाहेर पडली. "सदर इसमाने या प्रकरणात कोणतंही गैरकृत्य केलं नसल्याचं पोलिसांकडून सांगण्यात..."

"पोलिसांना गुंडाळलं असणार!" मागून आवाज आला. घोळका पुन्हा पुढे सरकला.

शटरच्या आत काहीतरी खाली पडल्याचा आवाज झाला. तिने डोळे मिटले, उघडले.

"ऐका," ती म्हणाली. "काल एक मुलगी बाजारात हरवली. आई दिसेना म्हणून ती रडत होती. या माणसाने तिला विचारलं, घर कुठे? तिला सांगता येईना. म्हणून तो तिला चौकीत घेऊन गेला. तिची आई आली. मुलगी आता घरी आहे."

पुढे सरकलेला घोळका जागीच थांबला.

"आणि पिशवीतली ती तार?" आडदांड माणसाने विचारलं.

"चाव्या बनवणाऱ्याच्या पिशवीत काय असणार मग, कापूस?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. त्या हसण्याने घोळक्यातला ताण जरा सैल पडला. आजोबा हळूच काढता पाय घ्यायला लागले. पण आडदांड माणूस हसला नाही. त्याचा चेहरा लाल झाला होता.

"मग हे असं का लिहिलंत?"

तिच्याकडे दहा उत्तरं होती. वेळ नव्हता, माहिती अपुरी होती, शब्द सगळे खरे होते.

"तुम्ही शेवटपर्यंत वाचावं म्हणून," ती म्हणाली.

"मला दोन पोरी आहेत," तो म्हणाला. "सकाळपासून माझं डोकं ठिकाणावर नाही. मी आज या माणसाचा जीव घेतला असता, बाई!" त्याचा हात वर गेला. तिला वाटलं, आता बसणार. ती हलली नाही. हात तिच्या कानाशेजारून जाऊन शटरवर आदळला, आणि मग तो तिथेच टेकला. हवालदार आला तेव्हा तो तसाच उभा होता. बाकीचे पांगले होते, एकमेकांकडे न बघता.

हवालदाराने तीनदा हाक मारली तेव्हा शटर गुडघ्याएवढं वर झालं. चावीवाला किरकोळ अंगाचा, पन्नाशीचा माणूस होता. हातात कानस घट्ट धरलेली. हवालदाराने ती हळूच काढून घेतली.

"या बाईंनीच लिहिलं होतं," आडदांड माणूस म्हणाला.

चावीवाल्याने तिच्याकडे पाहिलं. "सकाळी वाचलं मी," तो म्हणाला. "दुकानाचं नंतर वाचलं. आधी मथळा आणि वरच्या दोन ओळी वाचल्या आणि लेकीला म्हटलं, बाळ, आज एकटी जाऊ नकोस, असली माणसं फिरतायत."

ती तिथेच स्टुलावर बसली. त्याने मागितलं नव्हतं, तरी तिने समोरच्या पावतीपुस्तकाच्या पाठकोऱ्या कागदावर खुलासा लिहायला घेतला. हाताची सवय, पहिलीच ओळ उतरली: ‘आजच्या स्वार्थी जगात देवमाणूस भेटतो तेव्हा...’

त्याने खांद्यावरून वाचलं. "देवमाणूस काढा."

"का? लोकांना भिडेल ते."

"काल राक्षस, आज देव. मधे माणसाला राहू द्या ना कुठेतरी. चाव्या बनवतो, पोरीला चौकीत नेलं, एवढंच लिहा."

तिने ओळ खोडली. पाच साधी वाक्यं लिहिली. ती लिहायला तिला पाऊण तास लागला.

संपादकांशी तिचं कडाक्याचं भांडण झालं. राजीनाम्यापर्यंत गोष्ट गेली. शेवटी खुलासा पहिल्या पानावर आला, बातमी जिथे होती तिथेच, तेवढ्याच टाइपात. नणंदेने तो कुणालाही पाठवला नाही. "वहिनी, यात पाठवण्यासारखं काही नाहीच," ती म्हणाली.

पंधरा दिवसांनी ती पुलाखाली गेली. नवं शटर बसलं होतं. त्या आडदांड माणसाने स्वतः उभं राहून बसवून घेतलं होतं. चावीवाला मान खाली घालून चावी घासत होता.

"गिऱ्हाईक येतंय का?" तिने विचारलं.

"येतंय," तो म्हणाला. चावी उजेडात धरून त्याने तिचे दाते पाहिले. "लेकीच्या मैत्रिणी अजून घरी येत नाहीत."

तो पुन्हा घासायला लागला, आणि तिने स्टूल ओढून घेतलं.